सिझेरियनमधले तरंगते डोके आणि व्हॅक्यूम कप

सिझेरियनमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतला, की प्रसूतितज्ज्ञ हात डोक्याखाली सरकवतो, सहायक वरून पोट दाबतो आणि डोके छेदातून बाहेर येते. बहुसंख्य शस्त्रक्रियांत याला काही सेकंद लागतात. अडचण येते ती दोन परस्परविरुद्ध प्रसंगी. एकात डोके कटिराच्या वर, सैल आणि तरंगते असते. हात लागला की ते वर निसटते. दुसऱ्यात ते कटिरात इतके खोल रुतलेले असते की बोटे शिरायलाही जागा राहत नाही. व्हॅक्यूम कप हे पहिल्या प्रसंगाचे साधन आहे. दुसऱ्या प्रसंगी सुरुवातीलाच कप मागवणे ही चूक ठरते. कपाचे तंत्र फारसे अवघड नाही. समोरचे डोके या दोनपैकी कोणते आहे, हे छेद घेण्याआधी ओळखणे अधिक महत्त्वाचे.

डोके वर का राहते

ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये कळा सुरू झालेल्या नसतात. गर्भाशयाचा खालचा भाग पुरेसा पातळ झालेला नसतो आणि डोके कटिरात उतरलेले नसते. गर्भजल जास्त असेल, वार खाली असेल, खालच्या भागात फायब्रॉइडची गाठ असेल किंवा बाळ आडवे असून नुकतेच सरळ केलेले असेल, तर डोके आणखी वर राहते. आधीच्या सिझेरियनमुळे मूत्राशय आणि पोटाची भिंत गर्भाशयाला चिकटलेली असेल, तर छेदाला हवी तेवढी जागा मिळत नाही. स्थूल स्त्रीमध्ये वरून दिलेला दाब पोटाच्या भिंतीतच जिरतो, बाळापर्यंत नीट पोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे नोंदले गेले. इतक्या सिझेरियननंतर दुसऱ्या-तिसऱ्या सिझेरियनची वेळ येणाऱ्या स्त्रियाही वाढणारच. त्यामुळे हा प्रसंग मोठ्या शहरातल्या रुग्णालयापुरता उरत नाही. उपजिल्हा रुग्णालयातल्या एकट्या प्रसूतितज्ज्ञालाही त्याला तोंड द्यावे लागते.

प्रत्यक्षात घडते ते असे. गर्भजलाची पिशवी फुटते, जल भसकन बाहेर येते, हात आत जातो आणि हाताच्याच धक्क्याने डोके छेदापासून वर किंवा बाजूला सरकते. जल निघून गेल्यावर गर्भाशय बाळाभोवती आवळू लागते. हात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घातला जातो, सहायकाचा दाब वाढत जातो. गर्भाशयाला छेद दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा काळ तीन मिनिटांपलीकडे गेला, की बाळाच्या रक्तातील आम्लता वाढण्याची शक्यता वाढते. टेबलाशी उभ्या माणसाला ही तीन मिनिटे फार लांब वाटतात आणि घाईत चुका होतात.

यातली निम्मी अडचण पिशवी फोडताना थोडे सबुरीने घेतले तर टळते. पिशवीला आधी लहान भोक पाडून जल सावकाश शोषून घ्यावे. त्याच वेळी सहायकाने दोन्ही तळहातांनी बाळ मधोमध धरून गर्भाशयाच्या माथ्यावर स्थिर दाब ठेवावा. जल ओसरते तसे डोके छेदापाशी येऊन बसते. ते बसेपर्यंत हात आत घालू नये.

एवढे करूनही डोके येत नसेल, तर पर्याय चार. छेद मोठा करणे, चिमटा लावणे, बाळाचा पाय धरून त्याला पायाळू काढणे किंवा कप लावणे. छेद बाजूला वाढवताना गर्भाशयाच्या धमनीला इजा होऊन मोठा रक्तस्राव होऊ शकतो. छेद वर उभा वाढवला तर पुढच्या बाळंतपणात कळा घेऊ देणे धोक्याचे होते आणि त्या स्त्रीला पुन्हा सिझेरियनच करावे लागते. चिमट्याची दोन पाती छेदातून डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसवायला सवय लागते आणि पात्यांची जाडी छेदातली जागा खाते. पाय धरून काढणे तरंगत्या डोक्याला चांगला उपाय आहे, पण शेवटी येणारे डोके लहान छेदात अडकू शकते. कप डोक्याच्या बाजूला नव्हे तर वर बसतो, म्हणून छेदातली रुंदी अडवत नाही. हाच त्याचा मोठा फायदा.

साधन आणि त्यामागचे गणित

डोक्याला हवेच्या पोकळीने धरून ओढण्याची कल्पना एडिनबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४९ मध्ये मांडली. क्लोरोफॉर्म प्रसूतीत आणणारे तेच. उपकरण खऱ्या अर्थाने वापरात आले ते १९५० च्या दशकात, स्वीडनच्या टागे माल्मस्ट्रॉम यांच्या धातूच्या कपामुळे. आज सिझेरियनसाठी दोन प्रकारचे कप सोयीचे आहेत : मऊ सिलिकॉनचा घंटेच्या आकाराचा कप आणि कमी उंचीचा, तबकडीसारखा, हातातच पंप असलेला अर्धकठीण कप. मऊ कपाने टाळूच्या त्वचेला इजा कमी होते, पण तो जास्त वेळा सुटतो. तबकडी कप छेदाच्या कडेखाली सहज सरकतो, म्हणून खालचा भाग जाड असेल तेव्हा तोच बरा.

कप किती ओढ सहन करील याचा हिशेब साधा आहे. वापरातला दाब साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ ते ०.८ किलो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या कपाचे क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटिमीटर. म्हणजे सगळे काही आदर्श असले तरी १६ किलोच्या आसपास ओढ लागली की कप सुटतो. तिरपी ओढ दिली किंवा कडेला केस, रक्त किंवा बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप (व्हर्निक्स) राहिला तर त्याच्या बराच आधी. कप सुटणे ही एका अर्थाने सुरक्षेची झडप आहे. मात्र सुटताना टाळूला बसणारा झटका निरुपद्रवी नसतो, म्हणून ‘सुटला तर सुटला, पुन्हा लावू’ ही वृत्ती चुकीची.

दाब ६०० च्या वर नेऊन काही मिळत नाही. काही ठिकाणी कप शस्त्रक्रियागृहातल्या शोषण यंत्राला जोडतात. तसे करायचे असेल तर यंत्राचा दाब आधी ठरवून, मोजून ठेवलेला असावा. भिंतीतल्या वाहिनीचा पूर्ण दाब थेट डोक्यावर येऊ देऊ नये. एकदाच वापरायचा कप निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची सवयही सोडलेली बरी. त्याची कड कडक होते, झडप सैल पडते आणि ऐन वेळी दाब उभाच राहत नाही.

कप कुठे बसवायचा

बाळाच्या डोक्याच्या मधल्या सांध्यावर, मागच्या लहान टाळूच्या सुमारे तीन सेंटिमीटर पुढे एक जागा असते. कपाचा मध्य तिथे यायला हवा. तिथून ओढल्यावर हनुवटी छातीकडे वळते आणि डोक्याचा सर्वांत लहान व्यास, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, छेदासमोर येतो. कप पुढच्या मोठ्या टाळूच्या जवळ बसला तर डोके मागे वळते आणि व्यास साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. पूर्ण दिवसांच्या डोक्यासाठी दहा-बारा सेंटिमीटरचा छेद आहे असे धरले, तर या दोन सेंटिमीटरांत छेद फाटणार की नाही ते ठरते. कप बाजूला, मधल्या सांध्यापासून दूर बसला तर डोके वाकडे ओढले जाते आणि व्यास तिथेही वाढतो.

सिझेरियनमध्ये एक सोय आहे जी योनिमार्गाच्या प्रसूतीत नसते : डोके समोर दिसते. तरीही बऱ्याचदा कप ‘जिथे डोके दिसले तिथे’ लावला जातो आणि ती जागा कपाळाजवळची किंवा कानाकडची निघते. कळा नसताना डोके सहसा आडवे असते, म्हणजे मागचा भाग आईच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला. तेव्हा आधी बोटांनी डोके हलकेच फिरवून मागचा भाग छेदाकडे आणावा. फिरवणे बोटांनीच; कप लावून तो पिळून डोके फिरवणे वर्ज्य.

तयारी आणि कृती

तयारी भूल देण्याआधी सुरू होते. पोट तपासून डोके किती वर आहे ते पाहावे. सोनोग्राफी यंत्र हाताशी असेल तर पाठ कुठे, डोक्याचा मागचा भाग कुठे, वार कुठे हे एकदा बघून घ्यावे. डोके वर राहणार असा अंदाज असेल तर कप आधीच ट्रॉलीवर काढून ठेवावा आणि हातमोज्याच्या तळव्यावर लावून दाब उभा राहतो का ते तपासावे. अडचण आल्यावर कपाट उघडून कप शोधणे म्हणजे तीन मिनिटांपैकी निम्मी घालवणे. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका या तिघांनाही कप लागू शकतो हे माहीत असावे.

छेद पुरेसा असल्याची खात्री करून घ्यावी. लहान छेदाची भरपाई कप करत नाही. जल शोषून झाल्यावर कोरड्या गॉजने टाळू पुसावी आणि कप तिरपा धरून छेदातून आत सरकवून ठरलेल्या जागी बसवावा. आधी दाब १०० ते १५० मिलिमीटरपर्यंतच नेऊन बोट कपाच्या कडेभोवती पूर्ण फिरवावे. गर्भाशयाची कड, पिशवीचा तुकडा, मूत्राशयाचा पडदा यांपैकी काही अडकले असेल तर ते इथेच कळते. कड मोकळी असेल तर दाब ५०० ते ६०० पर्यंत वाढवावा. आधुनिक कपात दाब टप्प्याटप्प्याने चढवत मिनिटे घालवण्याची गरज नसते.

ओढ एका हाताने, बोटांच्या जोरावर द्यावी, खांद्याच्या नव्हे. दुसऱ्या हाताचा अंगठा कपावर आणि तर्जनी कपाच्या कडेशी टाळूवर ठेवावी. कप उचलला जातोय हे डोळ्यांआधी त्या बोटाला कळते. ओढीची दिशा कपाच्या पृष्ठभागाशी काटकोनात. आधी डोके छेदापर्यंत येते, मग ओढ वर, छताच्या दिशेने वळते. सहायक त्याच क्षणी वरून दाब देतो, पण हा दाब आता साथीपुरता. नेहमीच्या सिझेरियनइतका जोर लागता कामा नये. पाठीतल्या भुलीत जागी असलेल्या स्त्रीला पोटावरच्या जोरदार दाबाचा त्रास जाणवतो, हेही कप लवकर लावण्याच्या बाजूचे कारण. ओढताना झुलवणे, हेलकावे देणे किंवा पिळणे करू नये.

तरंगते डोके सहसा पहिल्याच ओढीत बाहेर येते. डोके बाहेर येताच, खांदे काढण्याआधी, दाब सोडून कप काढावा. खांदे आणि धड नेहमीप्रमाणे हाताने.

दोन ओढींत डोके पुढे सरकले नाही किंवा कप दोनदा सुटला तर थांबावे. योनिमार्गाच्या प्रसूतीत तीन ओढींपर्यंत मुभा देतात. इथे मात्र पोट उघडे आहे, बाकीचे पर्याय हाताशी आहेत आणि आईच्या कटिराचा अडथळा नाही, म्हणून मर्यादा आणखी कडक ठेवणे शहाणपणाचे. कप एकदा सुटला तर आधी कारण शोधावे : जागा चुकली, कड अडकली की छेद अपुरा आहे? कारण सापडल्याशिवाय दुसऱ्यांदा लावू नये. थांबल्यावर पुढचे पाऊल छेद वाढवणे किंवा पाय धरून बाळ काढणे. कपानंतर लगेच चिमटा लावणे शक्यतो टाळावे. एकामागून एक दोन साधने लावली की बाळाच्या इजेचा धोका वाढतो. गर्भाशय आवळलेले असेल तर भूलतज्ज्ञाने शिरेतून ५० ते १०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन दिल्यास ते काही काळ सैल पडते. त्याने आईचा रक्तदाब उतरतो, म्हणून हे औषध भूलतज्ज्ञाच्याच हातून आणि त्याच्या नजरेखाली.

रुतलेले डोके हा वेगळा प्रश्न

गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले, तासन्‌तास कळा, डोके खोल कटिरात आणि टाळूवर मोठी सूज. अशा वेळी डोके खाली खेचलेले असते. त्याला वर ढकलून सोडवावे लागते. कप वरून लावला तर तो हाती लागेल त्या भागावर बसतो, ठरलेल्या जागेवर नाही. सुजलेल्या टाळूवर तो नीट धरत नाही. आणि हाडात घट्ट बसलेल्या डोक्याला वरून ओढले तर सगळा ताण टाळूच्या त्वचेवर येतो, डोके जागचे हलत नाही. योनिमार्गातून कप लावून फसल्यावर सिझेरियनला आलेल्या बाळात तर त्याच टाळूला पुन्हा कप लावणे निखालस टाळावे.

इथले मार्ग वेगळे. छेद नेहमीपेक्षा वर घ्यावा, कारण खालचा भाग ताणून वर आलेला असतो आणि खाली घेतलेला छेद योनीत जाऊ शकतो. त्यानंतर अनुभवी सहायकाने योनिमार्गातून तळहात आणि पसरलेल्या बोटांनी डोके हळूहळू वर उचलावे. एका बोटाच्या टोकाने ढकलणे धोक्याचे. किंवा पाय आधी काढून बाळ उलटे ओढून घ्यावे. तिसरी पद्धत खास भारतीय. पटवर्धन आणि मोताशॉ यांनी ती १९५७ मध्ये भारतीय प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात मांडली आणि पटवर्धनांच्या नावाने ती आजही शिकवली जाते. तीत छेदासमोर आलेला पुढचा खांदा हातासह आधी बाहेर काढतात, मग दुसरा खांदा, मग दोन्ही काखांत बोटे घालून धड, कुल्ले आणि पाय. डोके सर्वांत शेवटी कटिरातून उचलले जाते. कपाची पेटी नसलेल्या रुग्णालयात, रात्री दोन वाजता, ही पद्धत ज्याच्या हातात बसलेली आहे त्याला फारसे काही मागवावे लागत नाही. निवासी डॉक्टरांनी ती बाहुलीवर तरी करून पाहिलेली असावी.

डोके सोडवून छेदापाशी आल्यानंतर, टाळूवर आधी कप लागलेला नसेल आणि सूज फार नसेल तर कपाचा विचार करता येतो. पण तोपर्यंत हातानेच काम झालेले असते.

कप कोणाला नको

चौतीस आठवड्यांपूर्वीच्या बाळाला कप लावू नये. चौतीस ते छत्तीस दरम्यान गरज असली तरच, हात राखून. बाळाला हिमोफिलियासारखा रक्तस्रावाचा आजार असण्याची शक्यता असेल, हाडे ठिसूळ असण्याचा आजार कुटुंबात असेल, चेहरा पुढे असेल किंवा बाळ पायाळू असेल तर कप नाही. मामा किंवा आजोबा हिमोफिलियाचे रुग्ण होते का, हा प्रश्न गरोदरपणात एकदा विचारून ठेवलेला असला तर टेबलावर आठवत बसावे लागत नाही.

नंतरची काळजी

आईच्या बाबतीत छेदाचे दोन्ही कोपरे नीट बघूनच टाके घालावेत. कप वापरला म्हणून छेद फाटत नाही असे नाही. घाईत ओढलेले डोके कोपरा फाडते. मूत्राशयाची भिंत आणि बाजूचा पडदा तपासावा. छेद उभा वाढवावा लागला असेल तर तसे पुढच्या बाळंतपणासाठी डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहावे, आणि स्त्रीला तोंडीही सांगावे. कार्डे हरवतात.

बाळाच्या डोक्यावर कपाच्या आकाराचा फुगवटा दिसतो. तो बहुधा काही तासांत ते एक-दोन दिवसांत ओसरतो. हाडाच्या वेष्टनाखाली रक्त साठून झालेली गाठ थोडी उशिरा दिसते, ती एका हाडापुरतीच राहते, सांधा ओलांडत नाही, आणि जिरायला काही आठवडे लागतात. तिच्यात सुई घालून रक्त काढू नये. घाबरायला हवे ते तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे पडद्याखालच्या रक्तस्रावाला. टाळूच्या जाड पडद्याखाली, हाडाच्या वेष्टनाच्या वर एक सैल पोकळी असते, तिला सांध्यांची सीमा नसते. नवजात बाळाच्या शरीरात दर किलोला ८० ते ८५ मिलिलिटर रक्त असते, म्हणजे तीन किलोच्या बाळात जेमतेम पाव लिटर. त्यातला मोठा भाग या पोकळीत मावू शकतो. सूज मऊ, हलणारी, सांधे ओलांडून मानेकडे आणि कानांकडे पसरणारी असते, कान पुढे ढकललेले दिसतात. बाळ फिके पडते, नाडी वाढते, दूध ओढत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये व्हॅक्यूम उपकरणांविषयी दिलेला सावधगिरीचा इशारा प्रामुख्याने याच रक्तस्रावामुळे होता.

म्हणून कप लावलेल्या प्रत्येक बाळाचे डोके पहिल्या काही तासांत पुन्हा पुन्हा हाताने तपासावे, घेर मोजावा, नाडी आणि रंग नोंदवावा. टोपरे घातलेल्या बाळाचे टोपरे काढून बघावे. नुसते गाल गुलाबी आहेत म्हणून भागत नाही. व्हिटॅमिन के चे इंजेक्शन चुकू नये. साठलेले रक्त जिरताना कावीळ वाढते, तेव्हा डिस्चार्जआधी बिलिरुबिन तपासून घ्यावे.

नोंदीत कप का लावला, कोणता, कुठे बसला, दाब किती, ओढी किती, सुटला का, आणि गर्भाशयाच्या छेदापासून बाळ बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला, एवढे त्याच दिवशी लिहावे. सिझेरियनमधल्या कपावरचे अभ्यास संख्येने लहान आहेत आणि इथले बरेचसे नियम योनिमार्गाच्या प्रसूतीतून उचललेले आहेत. अशा स्थितीत आपल्याच रुग्णालयातल्या नीट नोंदी वर्षाअखेरीस पुष्कळ शिकवतात.

घरच्यांशी बोलणे आईला खोलीत आणल्यावर लगेच व्हावे. फुगवटा आधी आजीच्या नजरेला पडतो आणि खुलासा त्यानंतर आला तर तो सबबीसारखा वाटतो. महाराष्ट्रातल्या घरांत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते : टाळू भरणे आणि मालिश करताना डोके दाबून ‘गोल’ करणे. सूज किंवा गाठ पूर्ण जिरेपर्यंत डोक्यावर तेलाचा दाब, शेक किंवा घट्ट कुंची नको. मालिश करणाऱ्या बाईलाही हे आईसमोरच सांगावे. घरी गेल्यावर सूज वाढली, कानामागे किंवा मानेवर उतरली, बाळ फिके किंवा पिवळे दिसू लागले, सुस्त झाले, दूध प्यायला उठेना, तर सकाळ होण्याची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात आणावे.